वाहेदभाईची मोबाइलवरची शाळा

वाहेदभाई गाद्या भरायला आला की बायका आधी चहा विचारायच्या. तो म्हणायचा, "चहा राहू द्या वहिनी, वायफाय असंल तं द्या." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हा बुवा गाद्या भरणार की सिनेमे पाहणार? पण आमच्या जठारपेठेतल्या अर्ध्या घरांच्या गाद्या त्याच्याच हातच्या. मी मुकाट्यानं पासवर्ड सांगितला.

ते बोंडअळीचं वर्ष होतं. कापूस गेला की पिंजाऱ्याचाही हंगाम जातो, हे शहरात कुणाच्या ध्यानीमनी नसतं. नवी गादी कुणी सांगेना. जुनीच उसवायची, रुई पिंजून आणायची आणि पुन्हा भरायची. आमच्याही तशाच होत्या.

त्याच्यासोबत त्याची नऊ वर्षांची नगमा होती. ऐन शाळेच्या वेळी पोरगी बापामागं कशी, म्हणून मी विचारलं.

"शाळेत जातच नाई," तो म्हणाला. "चौथीत हाय, पण वाचता येत नाई. पोट्टे हसतात. मनते, वाचाले आलं तं जाईन. नातलग मनतात, राहू दे, मायसंगं खोळी शिवाले बसव. मले नाई बसवाचं."

त्याला स्वतःला अक्षरओळख नव्हती. त्याची बायको जहाँआरा उर्दू वाचायची, पण घराजवळची शाळा मराठी. मोबाइलवर वाचन, व्याकरण, शुद्धलेखन सगळं फुकटात शिकवतात, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्याच्या रिचार्जमध्ये ते बसेना. मग तो गिऱ्हाइकांच्या वायफायवर धडे मोबाइलात उतरवून घ्यायचा आणि नगमा घरी तेच ते पाहत बसायची.

"वाचून दाखव काकूले," तो कौतुकानं म्हणाला.

पडद्यावर हिरव्या साडीतली बाई शब्दांखाली बोट फिरवत होती आणि नगमा तिच्याबरोबर खडाखडा वाचत होती. 'शाब्बास! आता पुढचं वाक्य पाहू या' हेसुद्धा तिनं बाईच्याच सुरात म्हटलं. मला हसू फुटलं. वाहेदभाई तर गादीपेक्षा जास्त फुगला होता.

आमच्या यजमानांना, किशोररावांना, दिसेल त्याची परीक्षा घ्यायची खोड आहे. त्यांनी पेपर तिच्यापुढं धरला. "हे वाच बरं."

नगमा पेपरावर बोट ठेवून हळूच म्हणाली, "मगर वर बघ. बदक घर बघ." मोबाइलवरचाच धडा.

"वाचत कुठं आहे? पाठ म्हणते आहे नुसती," हे बोलून गेले. खरं असलं म्हणून पोरीच्या तोंडावर बोलायचं का? मला असा राग आला! नगमा रुईच्या ढिगाआड जाऊन बसली ती जेवायलासुद्धा उठेना.

वाहेदभाई कुणावर चिडला नाही. हातातलं दाभण बाजूला ठेवून त्यानं तोच धडा पुन्हा लावून पाहिला.

"हे बाई नुसती बोलून राहिली वहिनी," तो शेवटी म्हणाला. "माह्या पोरीचं आयकतच नाई."

त्यानं आवाज पार बंद केला, नगमाला हाक मारली आणि तिनं कधी न पाहिलेला धडा लावला. "अब पहले तू बोल. बाई बाद में बोलेगी." बाईचे ओठ मुक्यानंच हलत होते. नगमानं चाचपडत कसाबसा एक शब्द जुळवला. मग त्यानं धडा मागं नेला, आवाज सोडला आणि कान देऊन ऐकलं. अक्षर त्याला कळत नव्हतं, पण पोरीचं आणि बाईचं जुळलं की नाही, हे बरोबर कळत होतं. नाही जुळलं की तो म्हणायचा, "फिर से."

त्यानंतर हिवाळाभर ज्या घरी काम, त्या घरून नवा धडा. टाके घालता घालता बापलेकीचं 'फिर से' चालायचं. हिवाळा सरता सरता आमच्या उरलेल्या गाद्या करायला आला तेव्हा नगमाची भीड थोडी चेपली होती, पण शाळेचं नाव ती अजून काढत नव्हती.

त्यातली एक गादी उसवली तर आतल्या खोळीला कुठल्यातरी जुन्या कापडी फलकाचा तुकडा लावलेला निघाला. त्यावर लाल रंगात ठसठशीत अक्षरं होती. नगमा त्यावर ओणवी झाली.

"भ… भव… भव्य. शे-त-करी. शेतकरी. मेळावा." तिनं मान वर केली. "अब्बा, सही है क्या?"

वाहेदभाईचा हात खिशाकडं गेला आणि थांबला. या अक्षरांची बाई मोबाइलात नव्हती. मी 'बरोबर' म्हणायला तोंड उघडलं, तर त्यानं हातानंच मला गप्प केलं.

"मेरेकू क्या मालूम, बेटा," तो म्हणाला. "तूने पढ़ा, तूच बता."

तिनं पुन्हा पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. सावकाश, मनातल्या मनात वाचत ते शेवटपर्यंत नेलं. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

"सही है," ती म्हणाली. "अब्बा, कल मेरेकू स्कूल लेके चलो."