उत्तम क्षमा

काकूंनी हात जोडले तेव्हा त्यांच्या हिरव्या बांगड्या थेट कोपरापर्यंत घसरल्या... दहा दिवसांच्या उपासांनी मनगटं इतकी वाळली होती. अंगाला चंदनाचा वास, आणि आमच्या सांगलीच्या घराच्या उंबऱ्याशी भाद्रपदातलं कोवळं ऊन. पर्युषण संपलं की शेजारच्या या जैन काकू घरोघर क्षमा मागायला जायच्या. पण नऊ वर्षांच्या पोरीपुढे कोणी हात जोडतं, हे मी प्रथमच पाहत होते.

"त्या दिवशी तुझ्यावर फार रागावले, बाळ. उत्तम क्षमा."

त्या दिवशी शाळेतला पृथ्वीगोल माझ्या हातून फुटला होता, आणि मी बिनदिक्कत त्यांच्या मुलीचं, पद्माचं नाव सांगितलं होतं. तिला सहलीतून वगळलं. तिनं समुद्र कधी पाहिला नव्हता. काकूंनी "खरं सांग" म्हणून दटावलं, तर मीच भोकाड पसरलं — चोराच्या उलट्या बोंबा! मग गुपचूप देवापुढे नाक घासलं, तुळशीला अकरा प्रदक्षिणा घातल्या, आणि प्रायश्चित्त उरकलं. काकूंना मात्र मान हलवून म्हणाले, "हो." म्हणजे मीच त्यांना क्षमा केली.

आज ड्रेस्डेनमध्ये बुस-उंड-बेटटागची सुट्टी, पश्चात्तापाचा आणि प्रार्थनेचा दिवस. दुकानं बंद, धुकं, ओल्या पानांचा कुजकट गंध... खालच्या मजल्यावरच्या आजी काळा कोट घालून चर्चला निघाल्या. त्या देवाची क्षमा मागायला जातात, असं मी लेकीला सांगितलं. "पण ज्याला दुखावलं, त्याला कोण सांगतं?" तिनं नेहमीसारखं जर्मनमध्येच विचारलं. मी फोन हातात घेतला.

दरवर्षी पद्माचा मेसेज येतो, "उत्तम क्षमा", आणि मी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवून मोकळी होते. आज मात्र तिला सगळं लिहिलं, पस्तीस वर्षांनी.

उत्तर लगेच आलं. "आईला माहीत होतं गं. मी तेव्हाच सांगितलेलं. ती म्हणाली, लेकरावर राग धरला ते माझं पाप. तिचं ती सांगेल कधीतरी."

रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही, काहीच वाटलं नाही. चहा गाळला, लेकीला दूध दिलं. काकूंना जाऊन आता चार वर्षं झाली. मी भाद्रपदात माहेरी गेले की त्या यायच्या, हात जोडायच्या, आणि नंतरही उंबऱ्याशी जरा वेळ तशाच उभ्या राहायच्या... मला वाटायचं, दम लागला असेल.