खड्ड्यातला स्वयंपाक

जानेवारीतला दुसरा मंगळवार, सकाळ. हजर: मी, तळमजल्यावरचे काका, आणि आमच्या रावेतच्या सोसायटीच्या गेटवर चाकणच्या बसची वाट बघणारा तो.

नाव मी कधी विचारलं नाही. एन्झाइम बनवणाऱ्या कंपनीत आहे, एवढं त्याच्या जॅकेटवरून कळायचं. बस येईपर्यंत तो आमच्या खतखड्ड्याकडे बघत राहायचा, आजाऱ्याकडे बघावं तसा. महिनाअखेरच्या मीटिंगपर्यंत खत दिसलं नाही, तर खड्डा बुजवून तिथे काकांची दुसरी गाडी लागणार होती. म्हणून मी, कचरा समितीची प्रमुख, वास जावा यासाठी रोज पाइप लावून खड्डा स्वच्छ धुवत होते.

"मॅडम, बोलू का?" त्याने मूठभर साली उचलल्या, हुंगल्या, बोटांत चुरल्या. "जंतूंना तोंड नसतं. ते एन्झाइम बाहेर सोडतात. सालीतला स्टार्च, पाल्यातला सेल्युलोज बाहेरच फोडतात अन् झालेली साखर आत ओढतात. त्यांचा सैपाक उघड्यावर चाललाय, अन् तुम्ही रोज पातेलं मोरीत ओतताय."

काका खूश झाले. "बाईंच्या घरून पाहुणेही असेच उपाशी जातात, राव!"

"मग मी करू काय?" मी पेन काढलं.

"कोरडा पाला टाका, झाका. मग काहीच नका करू." हात पँटला पुसून तो बसमध्ये चढला.

पाला टाकला, झाकण लावलं. आज नाश्त्याआधीच ते दोनदा उघडून पाहिलं. काहीच न करायला मात्र अजून सुरुवात व्हायची आहे.