पत्र्यावरची लाट

विष्णू नाचणकरांनी सत्तावीस वर्षं पत्रा वाकवला आणि त्यातला एकही तुकडा कुणी पाहिला नाही. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका वर्कशॉपमध्ये ते एसीच्या डक्टचं काम बघतात. डक्ट तयार झाला की छताला टांगतात, खाली फॉल्स सीलिंग लागतं, खलास. दुबईत देऱ्यातल्या एखाद्या ऑफिसात गेले की नाचणकर मान वर करून उभे राहतात. मग त्यांची बायको अर्चना हळूच म्हणते, "खाली बघा हो. लोकांना वाटेल छत गळतंय."

पन्नाशी उलटल्यावर त्यांनी गाडी बांधायला घेतली, ती बहुधा यामुळेच. शारजापलीकडे उम्म अल कुवैनला, भाडं परवडतं म्हणून घेतलेल्या बैठ्या घराला लागून एक शेड होती. जवळच्या खजुराच्या मळ्यात एका जुन्या शेव्रोले पिकअपचं केबिन पडलं होतं, १९५१चं. त्यात कोंबड्या बसायच्या. कोंबड्यांची दुसरी सोय करून नाचणकरांनी ते घरी आणलं. इंजिन शारजाच्या भंगारातून आलं, आठ सिलिंडरचं.

हॉट रॉड म्हणजे काय, हे त्यांना घरात बऱ्याचदा समजावावं लागलं. जुन्या गाडीचं छप्पर कापून बुटकं करायचं, मडगार्ड उतरवायचे, आत दांडगं इंजिन बसवायचं. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी अमेरिकेतली तरुण पोरं घरच्या गॅरेजमध्ये हे करत. नाचणकरांना ते त्या पोरांच्याच पद्धतीने करायचं होतं. खड्डे बुजवायला पुट्टी नाही, एसी नाही.

"नो एसी? बाबा, इन दिस कंट्री?" मुलगी श्रिया म्हणाली.

"सत्तावीस वर्षं दुसऱ्यांना गार हवा दिली. मला आता खिडकी पुरे."

छप्पर तीन इंचांनी उतरवायचं होतं. पण केबिनचे खांब वर निमुळते होत जातात, त्यामुळे कापलेलं छप्पर खालच्या खांबांवर बसेना. मग छताचेच चार तुकडे करून मध्ये पट्ट्या भरल्या. हे सगळं नाचणकरांच्या आवाक्यातलं होतं. नंतरचं मात्र उझैरने शिकवलं. उझैर सियालकोटचा, त्यांच्या वर्कशॉपच्याच गल्लीतला डेंटर, गाड्यांचे पोचे काढणारा. वेल्डिंगच्या सांध्यावर शिसं वितळवून लाकडी पट्टीने लोण्यासारखं पसरायचं आणि गार झालं की कानशीने घासायचं. पॉलिश पेपर नाही, त्याची धूळ छातीत जाते. मग डोळे मिटायचे, तळव्याखाली मलमलीचा तुकडा धरायचा आणि हात अलगद सरकवायचा, कुठे चढउतार लागतो का ते बघायला.

"आँख को छोड़ो, विष्णू भाई. लहर हाथ से पकड़ी जाती है."

नाचणकरांनी आठ रविवार घासलं. हात फिरवला, काच वाटली. उझैरला बोलावलं. त्याने कापड ठेवलं, डोळे मिटले, आणि हात वीतभर जायच्या आत थांबला. "यहाँ लहर है, भाई."

पुन्हा घासलं. पुन्हा काच. उझैर पुन्हा आला आणि पुन्हा थांबला. तिसऱ्या खेपेला तो नुसता मिशीवरून हात फिरवत राहिला. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

का ते नाचणकरांना ठाऊक होतं. फेब्रुवारीत वर्कशॉपच्या पार्किंगमध्ये त्यांच्या डाव्या पायातली चप्पल निसटली होती आणि ते तसेच गाडीपर्यंत चालत गेले होते. मागून आलेल्या वॉचमनने चप्पल हातात दिली, तेव्हा कळलं. पुढे पत्र्याने बोट कापलं, तर आधी पत्र्यावरचं रक्त दिसलं, मग बोट. साखर होतीच, गोळ्या कधी घेतल्या कधी नाही. त्यांनी हे कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर अर्चनाने शेडला कुलूप घातलं असतं आणि केबिन उझैरच्या दुकानात गेलं असतं. लोकांना दिसेल असा आयुष्यातला एकुलता एक पत्रा, त्यावर दुसऱ्याचा हात फिरला असता.

जूनमधल्या एका रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला केबिन ठेवलेली ट्रॉली अर्धी उन्हात आली होती. अर्चना ताक घेऊन आली. नाचणकर छताला हात टेकून तिला सांध्याबद्दल काहीतरी सांगू लागले. ऐकता ऐकता तिनेही शेजारी हात टेकला आणि झटक्यात मागे घेतला.

"अहो, हात काढा."

त्यांनी काढला. तळवा लालबुंद झाला होता.

जूनमध्ये इथे नळालाही कढत पाणी येतं. त्यामुळे उन्हाळाभर गीझर बंद ठेवतात आणि त्यातलं साठलेलं पाणी गार म्हणून वापरतात. अर्चनाने त्यांना बाथरूममध्ये नेलं, गीझरचा नळ सोडला आणि त्यांचा हात त्याखाली धरून ठेवला.

"किती दिवस झाले?"

"कशाला?"

"विष्णू नाचणकर, मी तुमचं सीलिंग नाहीये. मला खाली काय, वर काय, सगळं दिसतं. किती दिवस?"

"पाय फेब्रुवारीपासून. हात त्यानंतर."

नळ वीस मिनिटं चालू राहिला.

डॉक्टरांनी सुईने, ब्रशने, काट्याने तपासलं. साखर आवरली तर आहे ते टिकेल, म्हणाले, गेलेलं परत येईल असं सांगता येत नाही. अनवाणी चालायचं नाही, गरम वस्तूंपासून लांब राहायचं, आणि क्लचची गाडी अजिबात नको. घरी परतल्यावर नाचणकरांनी उझैरला फोन केला आणि पुढच्या सोमवारी केबिन घेऊन जा म्हणून सांगितलं. फोन ठेवून ते टीव्हीसमोर बसले. टीव्ही लावला नव्हता.

रविवारी सकाळी सहाला ते शेडमध्ये गेले, तर अर्चना आधीच तिथे उभी होती. एका हाताखाली जुन्या ओढणीचा तुकडा, दुसऱ्या हातात खडू.

"डोळे मिटायचे ना?"

"दाबू नकोस. हात आपोआप जाऊ दे."

"काही कळत नाहीये."

"हळू."

ती तीनदा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. चौथ्यांदा थांबली. "इथे. उतार आहे. आणि इकडे, जरासा चढ."

नाचणकरांनी हातमोजे चढवले. उताराला आतून हातोडी, चढाला वरून कानस.

"चार बोटं डावीकडे घासा. तुमची डावी नाही हो, माझी."

"तू मालकीण झालीस की फोरमन?"

"आधी घासा. पगाराचं नंतर बोलू."

सोमवारी उझैर टेम्पो घेऊन आला, तेव्हा सांध्यावर खडूच्या पुसट खुणा तेवढ्या राहिल्या होत्या. त्याने कापड ठेवलं, डोळे मिटले. हात निघाला तो पार दुसऱ्या टोकाला पोचला. त्याने उलटा फिरवून पाहिला. मग डोळे उघडून हसला.

"खुल गया हाथ आपका, विष्णू भाई."

नाचणकरांनी हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं.

"मेरा नहीं," ते म्हणाले आणि खिडकीकडे बोट केलं. आत अर्चना चहा गाळत होती. "मेरा तो बंद हो गया है."

उझैरने एकदा खिडकीकडे, एकदा त्यांच्या हातांकडे पाहिलं. मग कापडाची घडी घालून खिशात ठेवली आणि रिकामा टेम्पो घेऊन परत गेला.

गाडी नोव्हेंबरात पुरी झाली. रजिस्ट्रेशनचं काय ते पुढे, आधी ती चालते का बघायचं होतं. घरामागे कुंपणाच्या आत वाळूची मोकळी जागा होती. नाचणकर चावी घेऊन ड्रायव्हरच्या बाजूने चढले. त्यांनी डावा पाय क्लचवर ठेवला. ठेवला असावा. खात्री करायला खाली वाकून पाहावं लागलं. ते दोन मिनिटं बसून राहिले, मग उतरले आणि चावी अर्चनासमोर धरली.

"मी?"

"तुझं लायसन्स मॅन्युअलचं आहे. यल्ला, चल."

छप्पर त्यांच्या मापाने उतरवलं होतं, पण सीट तिला खोल पडली. तिने घरातून उशी आणून खाली घेतली. नाचणकर पलीकडून चढले. इंजिन एकदम धडधडलं, कुंपणावरची कबुतरं उडाली. तिने क्लच सोडला, गाडी आचका देऊन निघाली. सकाळचं ऊन छताच्या कडेवरून मागे गेलं, कुठल्याच लाटेला न अडता. नाचणकर खिडकीतून मान बाहेर काढून तेच बघत होते.

"क्लच जड आहे हो."

"असू दे."

वळणावर तिने आरशात पाहिलं आणि ब्रेक दाबला.

"काय झालं?"

शेडच्या दाराशी, वाळूत, त्यांची एक चप्पल पडली होती. डॉक्टरांनी सांगूनही आजच्या दिवशी बूट कशाला म्हणून त्यांनी ती घातली होती.

"काही नाही," अर्चना म्हणाली. "याच्यात रिव्हर्स कुठे पडतो?"