ग्लेनिस थॉर्नबरचं लायसन्स

ग्लेनिस थॉर्नबरच्या लायसन्सवर आधीच नऊ ठपके होते. वेगमर्यादा मोडली की एका वेळी तीन, आणि बारा भरले की सहा महिने गाडी बंद. बारा भरणारे शेवटचे तीन तिला चर्चखालच्या उतारावर मिळाले. तिथे ताशी साठ मैलांची मर्यादा एकदम तिसाची होते आणि बरोबर तिथेच कॅमेऱ्याची व्हॅन दबा धरून बसते.

मर्यादा मोडली हे खरंच. ग्लेनिसही ते नाकारत नव्हती. पण ती काही मजा म्हणून गाडी पळवत नव्हती. यॉर्कशायरच्या त्या डोंगराळ खोऱ्यात विखुरलेल्या म्हाताऱ्या माणसांना उठवायचं, न्हाऊ घालायचं, खाऊ घालायचं, हे तिचं काम. एका घरातलं काम सातला संपतं आणि सातलाच पुढच्या घरी सुरू होतं, असं वेळापत्रक तिची एजन्सी काढायची. मधला डोंगर बहुतेक ग्लेनिसने उडून पार करायचा होता! तिने एकदा तसं विचारलं, तेव्हा मॅनेजरीणबाई म्हणाल्या, "बाकीच्यांना जमतं गं." बाकीच्या तीन जणी नोकरी सोडून गेल्या होत्या, हे त्या बोलल्या नाहीत.

कायद्यात एक फट होती. लायसन्स गेल्याने कुणाचे फारच हाल होणार असतील, तर कोर्ट ते ठेवू शकतं. फक्त ते हाल स्वतःच्या तोंडाने सांगावे लागतात.

"तिथे जरा रड," तिची बहीण आयलीन म्हणाली. "नाक पूस, हुंदका दे. तुझ्यावाचून विनिफ्रेडबाई अंथरुणातून उठू शकत नाहीत, हे सांग."

"चारचौघांत तमाशा कशाला?"

"अगं, तमाशा करायलाच तर बोलावलंय तुला!"

विनिफ्रेड मेटकाफ म्हणजे खोऱ्याच्या पार टोकाला, मेंढ्यांच्या कुरणावर एकट्या राहणाऱ्या नव्वदीच्या बाई. सुनावणीच्या आदल्या दिवशी त्यांचे पाय पुसताना ग्लेनिसने विचारलंच, "मी यायची बंद झाले, तर तुमचं कसं होईल?"

"निभेल की," विनिफ्रेडबाई म्हणाल्या. "माझ्यापायी तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस, पोरी."

त्या खोऱ्यात सगळे हेच म्हणतात. छप्पर उडालं तरी निभेल, नवरा गेला तरी निभेल. तक्रार करणं म्हणजे जणू भर रस्त्यात कपडे काढणं. या एका शब्दाने तिथल्या किती माणसांचा गळा घोटलाय, याचा हिशोब कुणी ठेवत नाही, आणि मला त्याचा राग राग येतो.

कोर्टात तिघे न्यायाधीश होते. मधल्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी चष्मा काढून, मायेने विचारलं, "मिसेस थॉर्नबर, लायसन्स गेलं तर तुमचं काय होईल?"

ग्लेनिसने खरं बोलण्याची शपथ घेतली होती. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पण लहानपणापासून त्या प्रश्नाला तिच्याकडे एकच उत्तर होतं.

"निभेल, बाई."

मागच्या बाकावर आयलीनने कपाळाला हात लावला.

"आणि ज्यांची तुम्ही देखभाल करता, त्यांचं?" बाईंनी अजून एक दार उघडून धरलं.

"कालच विचारलं मी. त्याही म्हणाल्या, निभेल."

"अगं, खोटं बोलतात त्या!" आयलीन ओरडली. शिपायाने तिला खाली बसवलं. न्यायाधीशबाईंनी नाइलाजाने चष्मा चढवला. सहा महिने.

एजन्सीने शहरातली एक नवी मुलगी विनिफ्रेडबाईंना दिली. दुसऱ्याच सोमवारी, दुपार व्हायला आली तेव्हा ग्लेनिसने बाईंना सहज फोन केला. त्यांच्या उशाशीच फोन होता. लगेच उचलला गेला.

"आली का ती मुलगी?"

"येईल की. रस्ता चुकली असेल बिचारी. मी मजेत आहे, तू नको काळजी करूस."

मजेत! हा आवाज ग्लेनिस ओळखून होती. बस आठवड्यातून एकदाच, गुरुवारी. तिने बूट चढवले आणि मेंढ्यांच्या वाटेने डोंगर चढायला लागली. वर पोचेपर्यंत व्हॅनवाले, एजन्सीवाले, कोर्टवाले, सगळ्यांचा तिने मनातल्या मनात उद्धार केला. सगळ्यात जास्त स्वतःचा केला.

दाराजवळच्या डबीतली किल्ली काढून ती आत गेली. शेगडी थंडगार होती. विनिफ्रेडबाई रात्रीच्याच अंथरुणात होत्या, चादर ओली, ओठ निळसर. तरी हसल्या. "आलीस? उगीच त्रास घेतलास. चहा कर स्वतःसाठी. मी ठीक आहे."

"ठीक नाही आहात!" ग्लेनिस एवढ्या जोरात ओरडली की खिडकीबाहेरच्या मेंढ्या पळाल्या. "कुठे ठीक आहात? ओल्यात पडून आहात सकाळपासून! उपाशी आहात! आणि मीही ठीक नाही. माझं काम गेलंय, मला झोप लागत नाही, आणि त्या बाईंनी दोनदा विचारलं, दोनदा! आणि मी मूर्खासारखी..."

 विनिफ्रेडबाईंचं हसू मावळलं. मग त्यांची हनुवटी थरथरली.

"पहाटेपासून थंडी वाजतेय गं मला," त्या म्हणाल्या. "फार वाजतेय."

"आत्ता सांगताय!" ग्लेनिस रडत रडत ओरडली आणि कोरडी चादर आणायला कपाटाकडे धावली.