सिद्धारामकाकांनी बसून ऐकलेली चाल

सिद्धारामकाका जिवंत आहेत, हे आधीच सांगून टाकते. त्या दिवशी आमच्या चौसाळा गावात निम्म्या लोकांना ते पटत नव्हतं.

दोन हजार चारच्या सुमाराची गोष्ट. हायवेला लागून माझा कॉम्प्युटर क्लास होता आणि मागच्या गल्लीत काकांचं घर. काकांनी जन्मभर बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं. वराती तर सगळेच वाजवतात, काकांचं नाव होतं ते मयतीच्या चालीसाठी. आम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. खुर्चीत ताठ बसवतात आणि वाजवत नेतात. त्या वाटेवर काका स्वतः बांधलेली एक चाल वाजवत, खांदेकऱ्यांच्या पावलांना धरून. ती घरात वाजवायची नाही, गुणगुणायचीसुद्धा नाही, असा त्यांच्या बँडचा नियम. वाजली की कोणीतरी गेलं, एवढाच तिचा अर्थ. त्यामुळे ती कोणाला शिकवायची राहूनच गेली.

पुढे डीजे आले, बँड मोडला, काकांचे दात पडले. कवळी लावून क्लॅरिनेट धरता येईना. एक दिवस क्लासमध्ये येऊन बसले आणि म्हणाले, "शिवांजली, मी गेल्यावर माझ्या म्होरं कोण वाजवणार? बीडचा बँड कागदावरून वाजवतो म्हणं. तेवढं लिहून दे."

मी हार्मोनियमच्या परीक्षा दिलेल्या, बँडवाल्यांचं नोटेशनही कामापुरतं यायचं. काका स्वर सांगायचे तेही सपाट आवाजात, वाण्याला सामान सांगावं तसे. सूर म्हणून लावायचा नाही. मी एकेक स्वर मशीनवर चढवत गेले.

माझ्या कॉम्प्युटरवर फुकटचं लिनक्स होतं, कारण नकली सीडीवरून टाकलेलं विंडोज व्हायरसनं खाल्लं होतं. फुकटच्या गोष्टीचे नखरे फार. लिहिणारा प्रोग्रॅम छान चालला, पण आवाज म्हणून येईना. मग कळलं, वाजवणारा प्रोग्रॅम वेगळा आणि वाद्यांच्या आवाजांची लायब्ररी तिसरीच. ती डाउनलोडला लावली की लाइट जायची. शेवटी भावानं पुण्याहून सीडीवर पाठवली. ती बसवली, तरी मशीन मुकंच. मी वैतागून आवाजाची दिसेल ती पट्टी शंभरावर नेली, स्पीकरचं बटणही पार फिरवलं आणि नाद सोडला.

काकांना ते मुकं मशीनच बरं वाटायचं. पण चाल लिहून पुरी झाली आणि तेच चुळबुळायला लागले. "येखादा सूर चुकला आसंल तर? मी काय दुरुस्त कराया उठणार न्हाई."

नियम घराचा आहे, क्लास म्हणजे काही घर नव्हे, अशी समजूत त्यांनीच काढली, स्वतःची आणि माझी. मला दार लोटून घ्यायला सांगितलं. खुर्चीत ताठ बसले आणि चूक नीट कळावी म्हणून डोळे मिटले. मी पुन्हा एकेक सेटिंग उघडून बघितलं. एका कोपऱ्यात आवाज बंद ठेवण्याची खूण तशीच राहिली होती. ती काढली आणि चाल सुरू केली.

पट्ट्या सगळ्या शंभरावर होत्या, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. क्लॅरिनेट असं काही कडाडलं की मी मागच्या बाकावर आदळले. खिडकीतून दिसलं, समोरच्या किराणावाल्या बद्रीनाथनं शटर अर्धं ओढलं, मयत जाताना ओढतात तसं. रस्त्यातली माणसं हात जोडून उभी राहिली. माझा हात माऊसवर जाईना. काका हलतही नव्हते. जन्मभर वाजवलेली चाल ते पहिल्यांदाच बसून ऐकत होते.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. रुद्राणीकाकू, काकांची बायको. अनवाणी, कोपरापर्यंत पीठ. नवऱ्याला आता वाजवता येत नाही, हे त्यांना ठाऊक. म्हणजे ही चाल दुसरं कोणी वाजवतंय, आणि ती कोणासाठी लिहून घेतली होती तेही त्यांना ठाऊक. आत बघतात तर माणूस खुर्चीत ताठ, डोळे मिटलेले.

त्या उंबऱ्यातच मटकन बसल्या. मी इतकी घाबरले की काका जिवंत आहेत, एवढंही मला सांगता येईना.

चाल संपली. काकांनी डोळे उघडले. "तू कावून आलीस?"

काकूंनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पुसून टाक ते."

काकांनी मान खाली घातली. ते भांडले असते तर मला बरं वाटलं असतं. मी काही पुसायच्या आत काकू उठल्या, काकांच्या मागं आल्या आणि पिठाचा हात त्यांच्या खांद्यावर ठेवला. खांदा चांगला दाबून बघितला.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "पर लई जलद हाय. मामंजींच्या मयतीला तुमी सावकाश वाजवलतं. इतक्या घाईनं मी तुमाला न्हेऊ द्यायची न्हाई."

मी आधी आवाज बंद केला, मग लय कमी केली.