साचेबुवा आणि राहिलेलं प्रकरण

साचेबुवा,

हे नाव तुला तुझ्या आईने नाही, मी ठेवलं. मावशीला तेवढा हक्क असतो. एकाच नमुन्याचे शर्ट रंग बदलून घेणारा आणि प्रत्येक लग्नात नवऱ्यामुलाचं नाव बदलून तोच विनोद सांगणारा माणूस दुसऱ्या कुठल्या नावाला ओ देणार?

तुझं कामही तुझ्यासारखंच. दवाखाना, शाळा, आमचं बोलक्या पुस्तकांचं ग्रंथालय, सगळ्यांचे सर्व्हर तू लावून देतोस. पण दरवेळी हाताने नाही. कुठलं काम कसं करायचं याची कृती एकदाच लिहून ठेवायची, तिला तुम्ही लोक रोल म्हणता, आणि जागा बदलली की तिच्या आत हात न घालता बाहेरून वेगळी मूल्यं द्यायची. मला कळेना म्हणून तू शिवणातलं उदाहरण दिलंस: झग्याचा कागदी नमुना एकच, मापं ज्याची त्याची. माप द्यायला विसरलास तर, असं मी विचारलं. नमुन्यातच एक ठरलेलं माप असतं, तेच घेतलं जातं, असं सांगून तू वर हसलास.

ते हसणं अंगाशी आलं.

आम्ही काही निवृत्त बायका काचेच्या खोलीत बसून पुस्तकं मोठ्याने वाचतो, त्यांचं ध्वनिमुद्रण होतं, आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्या हातातल्या छोट्या यंत्रांत ते भरून दिलं जातं. या सगळ्याची रोज एक प्रत दुसरीकडे ठेवायची, ही तुझी एक कृती. ती तू दोनदा लावलीस: एकदा पुस्तकांच्या सूचीसाठी, एकदा आमच्या आवाजांसाठी. दुसऱ्या वेळी माप द्यायलाच विसरलास. कृतीने आपलं ठरलेलं घेतलं, म्हणजे पुन्हा सूचीच. सर्व्हरला वाटलं, तीच कृती, तेच मूल्य, हे तर आत्ताच झालं. दुसरी खेप गाळून तो पुढे गेला. पडद्यावर सगळं हिरवं, आणि हिरवं दिसलं की तुझा जीव भांड्यात पडतो.

मग डिस्कने मान टाकली. आवाज गेले, सूची शाबूत राहिली. त्यामुळे काय काय गेलं ते तरी आम्हाला बिनचूक कळलं.

वाचणाऱ्यांपैकी दोघी आता हयात नाहीत. त्यांना पुन्हा काचेच्या खोलीत कोण बसवणार? त्यांचे आवाज उरले असलेच, तर ऐकणाऱ्यांच्या घरोघरच्या यंत्रांत. ती गोळा करायची होती.

तू काय केलंस? सगळ्यांना एकच संदेश लिहिलास, नावाची जागा आपोआप भरेल अशी सोय करून. त्यांचे फोन मजकूर वाचून दाखवतात हे खरं, पण तू तो देखणा दिसावा म्हणून वेलबुट्टीच्या चौकटीत घातलास आणि चित्र करून पाठवलास; चित्रातली अक्षरं फोनला वाचता येईनात. एकाचंही उत्तर येईना. शेवटी मी विचारलं, "अरे, ती नक्षी कुणी बघायची होती?"

मग दारोदार हिंडलास. एका आजींनी आधी कपाट सरकवून घेतलं. एकाने जावयाच्या तक्रारी संपेपर्यंत उठू दिलं नाही. तिथे तुझा साचा चालेना, आणि मला, खोटं कशाला बोलू, मजा वाटत होती.

ऐकणाऱ्यांपैकी राहिले एकटे गायनमास्तर. आमच्या त्या दोघींची सगळी पुस्तकं त्यांच्याच यंत्रात, आणि ते यंत्र देईनात. समुद्रावरच्या एका कादंबरीचं शेवटचं प्रकरण मी नुकतंच वाचून दिलं होतं. ते त्यांच्यापर्यंत पोचायच्या आत डिस्क गेली. कप्तान तरतो की बुडतो हे कळल्याशिवाय यंत्र हातातून सुटणार नाही, म्हणाले. चूक तुझी, तर वाचायचंही तूच, असं म्हणून मी तुझ्या हाती छापील पुस्तक दिलं आणि तुझ्याबरोबर आले.

तू वाचलंस. कप्तान, खलाशी, किनाऱ्यावर वाट बघणारी त्याची बहीण, सगळे एका सुरात, सूचना फलकासारखे. मास्तरांचा मांडीवरचा ठेका थांबला.

"सगळ्यांना एकाच पट्टीत बसवलंस की रे," ते म्हणाले. "माणसं वेगळी आहेत ना?"

"शब्द वेगळे आहेत की," तू पुटपुटलास.

"पुन्हा घे. बहिणीपासून."

कान लाल करून तू पुन्हा घेतलंस. बहीण तुला तुझ्या आईच्या बोलण्यात सापडली. कप्तान बहुधा माझ्या, कारण तो सगळ्यांवर खेकसत होता. शेवट झाल्यावर मास्तरांनी यंत्र चाचपून तुझ्या हातात ठेवलं.

आवाज परत आले, त्या दोघींसकट. कृतीतलं ठरलेलं माप तू आता काढूनच टाकलंयस. विसरलास तर काम तिथेच अडेल आणि बोंब मारेल. थोडा शहाणा झालास.

ते एक प्रकरण मात्र कुणाच्याच यंत्रात निघालं नाही. मला ते काचेच्या खोलीत पुन्हा वाचायचंय आणि पुस्तक मास्तरांकडेच राहिलंय. जाशील तेव्हा घेऊन ये, असं तुला सांगून ठेवलंय. तू दर रविवारी जातोस आणि वाचून वाचून घसा बसवून रिकाम्या हाताने येतोस. सूचीत त्या कादंबरीपुढे एक प्रकरण कमी म्हणून लाल खूण आहे, आणि लाल दिसलं की घास न उतरणारा तू तिच्यासमोर बसून निवांत चहा पितोस.

काल पुन्हा विचारलं, पुस्तक आणलंस का. विसरलो म्हणालास. बरं, म्हटलं, पुढच्या खेपेला आण.