गावागणिक वेगळी गोणी

आमच्या तांड्यात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही, आणि छापण्याजोगं तर मी काहीच केलेलं नाही. तरी लिहायला बसलो आहे. वाचणाऱ्यांनी हे धाडस पोटात घालावं. हे कोणाजवळ बोलता येत नाही, एवढंच कारण आहे.

यवतमाळला आम्हाला गणित शिकवणारे सर एका सुट्टीत दूरच्या शहरात जाऊन गणकयंत्र पाहून आले. त्याला काम कसं लिहून द्यायचं, तेही शिकून आले आणि आम्हा दोन-चार मुलांना त्यांनी ते शिकवलं. आम्ही यंत्र पाहिलेलं नव्हतं. आम्ही कागदावर हुकूम लिहायचे, सर टपालाने पाठवणार, आणि तिथली माणसं ते यंत्रावर चालवणार. ज्याचं काम नीट चालेल त्याला तिथे शिकायला घेणार होते. मला जायचं होतं. इतकं दुसरं काही मला आजवर हवंसं वाटलेलं नाही.

मी काम निवडलं ते कापसाचं. दिग्रसला येणाऱ्या गावोगावच्या कापसातून सरकी काढल्यावर रुई किती निघते, कुठे घटते. आकडे जिनिंगच्या कारखान्यातून उतरवून आणले. यंत्राच्या आत आकडे ठेवायला मोजकेच खण असतात. त्यांत मावत नाही ते बाहेरच्या फिरत्या ड्रमवर जातं. खणातला आकडा लगेच हाती येतो. ड्रमवरचा हवा असेल, तर तो फिरून समोर येईपर्यंत यंत्र नुसतं थांबून राहतं. कोणत्या आकड्यांना किती खण द्यायचे, ते लिहिणाऱ्यानेच ठरवायचं असतं.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा हे बाला, म्हणजे वडिलांना, सांगितलं. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहणारे. बाने तो धंदा केला नाही, पण त्याची रीत त्याला तोंडपाठ.

"तुह्या मशीनले बैल किती?" बाने विचारलं.

"बैल नाही बा, खण."

"तेच ते. गोण्या म्हण. मंग ध्यानात ठेव, एकाचा माल दुसऱ्याच्या गोणीत टाकाचा नाही. गोणी अर्धी रिकामी राह्यली तरी चालते. माल मिसळला का इमान गेलं."

याडी, म्हणजे माझी आई, चुलीपाशी हसली. "पोरगं कालेजात शिकून राह्यलं, अन् तुम्ही त्याले बैल हाकाले लावता!"

मी हसलो नाही. मला ते मनापासून पटलं. मी प्रत्येक गावाला वेगळी जागा दिली, आणि सगळ्यात जास्त आकडे ज्या गावाचे, त्याला लागतील तेवढे खण सगळ्या गावांना दिले. दिग्रसजवळच्या गावांचे आकडे ढीगभर होते. लांबच्या फुलसावंगीकडून एखाद-दुसरी गाडी आली असेल, पण खण तिलाही तेवढेच. कागदावर ते फार स्वच्छ दिसत होतं.

सरांनी ते कागद पाठवले. पुढे एका सुट्टीत मी घरी असताना सर एस.टी.ने पुसदला निघाले होते. दिग्रसला गाडी थांबली तेव्हा ते मला शोधत कापसाच्या बाजारात आले. मी बाबरोबर आमच्या बैलबंडीपाशी उभा होतो.

"मधातच बंद पाडलं रे त्यायनं," सर म्हणाले. "दिलेला वेळ संपला."

"काहून सर? हिशेब चुकला?"

"हिशेब बरोबर आहे. तू हरएक गावाले मोठी जागा राखून ठेवली, निम्मी रिकामी. बाकीचे आकडे बाहेर पडले, अन् मशीन बिचारी ड्रमपाशी वाट पाहत बसली."

बाच्या हातात बैलाची दोरी होती. तो खाली पाहून म्हणाला, "साहेब, ते म्या सांगतलं होतं. पोराची चूक नाही."

सरांना काही उमगलं नाही. "नाही बा, लिहिलं मी होतं," मी म्हणालो. बाने ऐकलं न ऐकलंसं केलं.

सरांनी पुन्हा पाठवायचं कबूल केलं. या वेळी मी सगळी गावं एकामागे एक, मधे जागा न सोडता लावली. कोणतं गाव कुठून सुरू होतं, तेवढं वेगळं लिहून ठेवलं. बाला मुद्दाम सांगितलं, "माल मिसळला नाही बा. फक्त खूण केली."

"हो बेटा," तो म्हणाला आणि उठून बैलांना पाणी दाखवायला गेला. आधी तांड्यावर कोणी पाहुणा आला की बा गोण्यांच्या, बैलांच्या गोष्टी काढायचा. आता काढत नाही. पाहुण्यांनी विषय काढला तरी म्हणतो, "जुनं झालं ते. कायले काढता?" ते ऐकलं की मला घरात बसवत नाही.

परवा कॉलेजच्या व्हरांड्यात सरांनी मला थांबवलं. आकडे तेच होते, यंत्र तेच होतं. या वेळी ड्रमची गरजच पडली नाही. काम पुरं झालं आणि वेळ उरला. मग सर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की निवड पहिल्या वेळच्या कागदांवरूनच झाली, आणि ज्याला घेतलं तो मुलगा केव्हाच तिथे रुजू झाला आहे.